आपलोच माणूस: छोट्या धंद्यातलं नात्यागोत्याचं गणित

गोव्यात उसगाव-तिस्कावर माझ्या मामांची खानावळ आहे. मामा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. १९९४ साली त्यांनी गाळा घेतला, तेव्हा गाळा रिकामा होतोय ही बातमी मामीच्या भावाने आणली. अनामतीचे पैसे थोरल्या मामांनी दिले, कागद न करता. टोप आणि पराती घरातल्याच एका लग्नात घेतलेल्या. पहिली दोन वर्षं चुलीपुढे मामी आणि माझी मावशी उभ्या राहिल्या. तांदूळवाल्याने पहिल्याच आठवड्यात चार पोती उधारीवर टाकली, कारण त्याचं घर मामांच्या शेजारच्या वाडीत. बँकेची पायरी मामा चढलेच नाहीत. त्या तांदूळवाल्याबद्दल विचारलं की ते अजून म्हणतात, "आपलोच माणूस."

अठरा वर्षांनी याच आपल्या माणसांमुळे खानावळ बंद पडायच्या बेतात आली, आणि त्यात कुणाचीही लबाडी नव्हती. मला हा विषय घरातून कळला तो असा. पुढे वाचनातून समजलं की जगभरच्या समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी नेमका यावरच गेली पन्नास वर्षं विचार केलाय: एका गावच्या, एका भाषेच्या किंवा एका जातीच्या लोकांचे छोटे धंदे नात्यांच्या जोरावर कसे उभे राहतात, आणि पुढे त्याच नात्यांचं काय होतं.

गोव्यात याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. २०११ च्या जनगणनेत इथल्या शंभरातल्या साधारण सहासष्ट जणांनी मातृभाषा कोंकणी सांगितली आणि अकरा जणांनी मराठी. त्याखालोखाल हिंदी आणि कन्नड. बाजारात ही सरमिसळ दुकानांच्या ओळीत दिसते. हार्डवेअरच्या काउंटरवर राजस्थानी कुटुंब, कलंगुटला शाली आणि गालिच्यांच्या दुकानात काश्मिरी, किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बायका, आणि आमच्यासारखी सिंधुदुर्गातून आलेली खानावळवाली मंडळी. एकाने जम बसवला की मागोमाग त्याच गावची आणखी चार घरं त्याच धंद्यात येतात. ती का येतात, हे कळण्यासाठी आधी उधारीकडे बघू.

उधारी वसूल कशी होते

तांदूळवाल्याने चार पोती का दिली? मामा चांगले आहेत म्हणून, असं घरात सांगतात. पण मामा चांगले आहेत हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की वर्षातून एकदा गावच्या देवीच्या जत्रेला मामा येणारच, आणि रात्री दशावताराला दोघांना एकाच मांडवात बसायचंय. पैसे बुडवले तर ती बातमी मामांच्या आधी गावात पोचली असती. मग मामांच्या मुलीची सोयरीक जमवताना कुणीतरी ती काढली असती.

जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने १९८८ साली न्यूयॉर्कच्या हिरेबाजाराचं उदाहरण देऊन हेच सांगितलं. तिथले ज्यू व्यापारी लाखमोलाच्या हिऱ्यांची पुडी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हातात देत, "सावकाश बघ" म्हणत, आणि मध्ये ना पावती ना विमा. ते राहायचे एकाच भागात, लग्नं आपापसात, प्रार्थनास्थळं तीच. एकदा हिरा बदलला की धंदा, सोयरीक आणि देऊळ एकदम सुटणार. वकील आणि कोर्ट यांचा जो खर्च दुसऱ्या बाजारात होतो, तो इथे वाचतो. १९९३ साली आलेहान्द्रो पोर्तेस आणि ज्यूलिया सेन्सेनब्रेनर यांनी अशा विश्वासाला साधारण 'वसूल करता येणारा विश्वास' अशा अर्थाचं नाव दिलं. मला ते नाव फार नेमकं वाटतं. या विश्वासात प्रेम असतंच असं नाही. बातमी लवकर पसरते आणि माणसाला गाव सोडून जाता येत नाही, या दोन गोष्टींवर तो उभा असतो.

म्हणूनच परगावी गेल्यावर माणसं गाव सोबत नेतात. गोव्यातले ख्रिस्ती खलाशी मुंबईत जहाजाची वाट बघत थांबत, तेव्हा धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब: स्वस्तात पेटी ठेवायला आणि पथारी पसरायला जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी, आणि कुठल्या जहाजावर भरती चाललीय याची खबर. प्रवेशाची अट एकच, माणूस त्या गावचा हवा. एका छपराखाली निवारा, शिस्त आणि नोकरीची बातमी मिळत होती. ओळख नसलेल्या शहरात यापेक्षा मोठं भांडवल काय असतं?

भिशी हा याच विश्वासाचा पैशातला अवतार. तिचं गणित बहुतेकांना पाठ असतं, पण ती का फायद्याची हे फार कमी जण मांडून बघतात. समजा बारा जणी दरमहा दोन-दोन हजार घालतात. दर महिन्याला चोवीस हजार एकीला मिळतात. प्रत्येकीला चोवीस हजारांचा ओला ग्राइंडर घ्यायचा आहे. एकटीने साठवले असते तर प्रत्येकीला बारा महिने थांबावं लागलं असतं. भिशीत पहिलीला पहिल्याच महिन्यात, दुसरीला दुसऱ्या, आणि अगदी शेवटचीला बाराव्या महिन्यात. म्हणजे कुणालाही एकटीपेक्षा उशीर होत नाही, आणि सरासरी थांबणं साडेसहा महिन्यांवर येतं. व्याज नाही, तारण नाही. अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हे समीकरणांनी सिद्ध केलं; आमच्या बायकांना ते आधीच कळलेलं होतं. अडचण एकच: पहिल्या महिन्यात रक्कम उचललेल्या बाईने पुढचे अकरा महिने हप्ता का भरावा? उत्तर पुन्हा तेच. ती शेजारीण आहे आणि चवथीला आरतीला येणार आहे.

धंद्याच्या सुरुवातीला नातं काय देतं ते इतकं साधं आहे: बिनव्याजी पैसा, बिनपगारी हात, गाळ्याची आणि मालाची बातमी, आणि पडत्या दिवसांत थांबायला तयार असलेला घाऊक व्यापारी. ज्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही आणि ज्याची इथली भाषा थोडी वेगळी आहे, त्याच्यासाठी हे सोन्यासारखं. मामांच्या बाबतीत ते खरोखर तसं झालं.

सप्टेंबर २०१२

दोन हजारच्या दशकात चीनची लोहखनिजाची मागणी चढली आणि खाणीच्या रस्त्यावरचं आमचं तिस्क दिवसरात्र जागं राहू लागलं. खाणीवरून जेटीपर्यंत माल नेणाऱ्या ट्रकांची रांग संपतच नसे. आमच्या घरचे सगळेच त्या रांगेला लागले. थोरल्या मामांच्या मुलाने कर्ज काढून ट्रक घेतला, मग दुसरा. मामीच्या भावाने टायरचं दुकान काढलं. मावशीचा मुलगा ड्रायव्हर झाला, त्याचा मेहुणा गॅरेजात. सगळे जेवायला मामांकडे. वहीवर खातं, महिन्याच्या शेवटी फेऱ्यांचे पैसे आले की चुकते. घरात कुणाला काही कमी पडलं तर दुसरा द्यायचा. इतकं भरलेलं घर मी पुन्हा पाहिलं नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. ट्रक जागेवर उभे राहिले. त्या महिन्यात खानावळीच्या वहीवर जेवढी नावं होती, त्यातल्या बहुतेकांकडे द्यायला काही उरलं नाही. मामांनी भावाकडे हात पसरावा, तर त्याच्या मुलाच्या दोन ट्रकांचे हप्ते थकलेले. मेहुण्याकडे जावं, तर टायरच्या दुकानाला कुलूप. भिशी पाचव्या महिन्यात मोडली. ज्या बायकांनी आधी रक्कम उचलली होती त्या भरू शकल्या नाहीत, आणि ज्यांनी उचलली नव्हती त्यांचे पैसे अडकले. त्यानंतर दोन वर्षं त्या बायका एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत.

याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे. नातं हा एक प्रकारचा विमा असतो. माझं घर जळलं तर तू दे, तुझं जळलं तर मी देईन. हा विमा चालतो तो सगळ्यांची घरं एकाच दिवशी जळत नाहीत म्हणून. पण नात्यातून बातमी येते, बातमीमुळे सगळे एकाच धंद्यात शिरतात, आणि मग सगळ्यांची जोखीम एकच होते. ज्या गुणामुळे जाळं विणलं जातं, त्याच गुणामुळे ते एका फटक्यात फाटतं. २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या आदेशाने खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा आमच्या घरात फारसं कुणी त्या धंद्यात उरलेलं नव्हतं. ते मात्र खूप महाग पडलेलं शिकणं होतं. २०२० च्या टाळेबंदीत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांवर हीच पाळी आली: भावाची टॅक्सी, वहिनीचं गेस्ट हाऊस, दिराचं शॅक, आणि पर्यटक एकही नाही.

पातळ ओळखीची ताकद

खानावळ वाचली ती कशी, ते ऐका. मामा दरवर्षी भजनाला एका सप्ताहात जात. तिथे पखवाज वाजवणारा एक माणूस होता. नातं नाही, गाव वेगळं, वर्षातून एकदा भेट, आणि तीही टाळ-मृदंगाच्या आवाजात. २०१३ मध्ये त्याने मामांना सहज विचारलं की रोज सत्तर डबे देता येतील का. तो जवळच्या एका कारखान्यात कामगारांच्या जेवणाची व्यवस्था बघायचा. मामांच्या चाळीस नातेवाइकांपैकी एकालाही त्या कारखान्यात डबे हवे आहेत हे माहीत नव्हतं, आणि असणारही नव्हतं. ते सगळे खाणीच्या रस्त्यावरचे.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली जे मांडलं ते हेच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्यांनी विचारलं, की ज्याने बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीचे कधीमधी किंवा क्वचितच भेटणारे होते. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं, कारण आपण सगळे एकाच ओट्यावर बसतो. पातळ ओळखीचा माणूस दुसऱ्या ओट्यावर बसतो.

ब्रायन उझी यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कपडे शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कारखाने फक्त घरोब्याच्या लोकांशीच व्यवहार करत, काही फक्त भाव बघून कुणाशीही. टिकण्याची शक्यता जास्त होती ती दोन्ही मिसळणाऱ्यांची: चार-पाच घट्ट संबंध, आणि बाकीचे मोकळे. मामांनी हा अभ्यास वाचलेला नाही. पण आज त्यांचा तांदूळ त्याच वाडीतल्या माणसाकडून येतो, आणि मासळी मडगावच्या घाऊक बाजारातून, जिथे भाव रोज नव्याने करावा लागतो.

नात्याबाहेरच्या ओळखी मुद्दाम घडवता येतात का? चीनमधल्या नानचांग शहरात जिंग काय आणि अॅडम सायडेल यांनी तसा प्रयोग केला. २,८०० हून अधिक नवख्या कंपन्यांपैकी काहींच्या चालकांचे साधारण दहा-दहा जणांचे गट पाडले आणि वर्षभर महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवलं. भेटून एकमेकांचा धंदा बघायचा, बोलायचं, एवढंच. गटात नसलेल्यांच्या तुलनेत त्यांची विक्री ८.१ टक्क्यांनी वाढली. ही माणसं ना भाऊ ना गाववाले. कुठला पुरवठादार चांगला आणि कर्ज कुठे मिळतं, ही बातमी त्यांना एकमेकांकडून मिळत गेली. आपल्याकडे बाजारातल्या दुकानदारांची संघटना बहुतेक गणपती आणि सत्यनारायणापुरती जागी होते. तिने महिन्यातून एकदा तासभर फक्त धंद्याबद्दल बोलायला बसावं, असं मला मनापासून वाटतं. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव फक्त इथल्या मालाला वापरायचा हक्क. अशा मानांकनाचा अर्ज एकट्या उत्पादकाला करता येत नाही, त्यासाठी उत्पादकांची संघटना किंवा तशी संस्था लागते. एकमेकांचे स्पर्धक असलेले भट्टीवाले एका टेबलाशी बसल्याशिवाय अशी गोष्ट होत नाही.

वहीत नसलेला पगार

आता मला जे सर्वांत जास्त टोचतं त्याबद्दल.

टिमथी बेट्स यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आशियाई स्थलांतरितांच्या छोट्या धंद्यांची आकडेवारी तपासली. समजूत अशी होती, की ही मंडळी यशस्वी होतात ती समाजाच्या आधारामुळे. आकड्यांतून उलटं दिसलं. समाजाच्या जाळ्यावर जास्त विसंबलेले धंदे कमी नफ्याचे आणि लवकर बंद पडणारे होते. चांगले चाललेल्यांमागे मालकाचं शिक्षण आणि सुरुवातीला घातलेला पैसा होता. इथे थोडं सावध वाचायला हवं. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही तोच समाजावर जास्त टेकतो, त्यामुळे आधारानेच धंदा बुडाला असं म्हणता येत नाही. पण नात्याचा आधार असला की धंदा चालतोच, या समजुतीला मात्र त्यातून तडा जातो.

नात्याची मागणी किती जड असते हे केनियातल्या एका प्रयोगात दिसलं. पामेला जाकिएला आणि ओवेन ओझियर यांनी खेड्यातल्या लोकांना पैसे दिले आणि गुंतवायला सांगितलं. किती मिळालं हे सर्वांसमोर कळणार असेल, तेव्हा बायका कमी परतावा पत्करून रक्कम लपवता येईल असा मार्ग निवडत, आणि ज्यांचे नातेवाईक तिथे हजर होते त्या जास्तच. त्यांना चांगलं ठाऊक होतं की दिसलेल्या पैशावर उद्या कुणीतरी हक्क सांगेल. आपल्याकडे गल्ल्यावर भाचा बसवतात, 'घरचाच आहे' म्हणून. त्याला कामावरून काढता येत नाही, चुकला तर बोलता येत नाही. दिवाळीला गल्ला कमी भरला तरी मामा गप्प राहिले, कारण भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. तो भाचा मी नव्हे, पण मीही पोरवयात तिथे फुकट जेवलोय, तेव्हा माझं नावही त्या वहीत असायला हवं होतं.

आणि मामी. पहाटे साडेचारला मामी उठतात. नारळ खवणं, वाटण, हुमण म्हणजे मासळीची आमटी, दुपारी सत्तर डबे, मग सोलकढी, मग रात्रीची तयारी. आकडे मांडू. समजा खानावळीतून महिन्याला पस्तीस हजार उरतात असं मामा म्हणतात. हेच काम करायला बाहेरची स्वयंपाकीण ठेवली तर ती अठरा हजारांखाली येणार नाही, आणि दिवसाचे चौदा तास तर मुळीच थांबणार नाही. संध्याकाळी मुलगा दोन तास बसतो, त्याचे तीन-चार हजार धरा. म्हणजे उरले तेरा-चौदा हजार. गाळा स्वतःचा असेल तर त्याचं भाडंही त्यातून वजा केलं पाहिजे. मग ज्याला आपण नफा म्हणतो, त्यातला बराचसा मामीचा न दिलेला पगार निघतो. छोटे धंदे 'घरच्या माणसांमुळे परवडतात' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा हाच असतो. मामी आजारी पडतात त्या आठवड्यात तो बरोबर कळतो.

गोव्यात तर यात एक कायद्याची बाजू आहे, जी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या अनेकांना माहीत नसते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा ज्यांना लागू होतो, त्यांच्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. आयकर कायद्यातही गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे: अशा जोडप्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न, म्हणजे धंद्यातलंही, दोघांच्या नावे निम्मंनिम्मं धरतात. कागदावर धंद्याचं अर्धं उत्पन्न पत्नीचं असतं. पण किती घरांत तिला वही उघडून दाखवली जाते? कर्ज काढताना सही मात्र तिची लागते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक प्रयोग मला आशा देतो. अहमदाबादला सेवा बँक या बायकांच्या सहकारी बँकेच्या ग्राहकांना दोन दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण दिलं. काही जणींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीला घेऊन या म्हणून सांगितलं. फरक पडला तो मैत्रिणीबरोबर आलेल्यांत: त्यांनी धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं होतं. हा परिणाम अधिक दिसला तो जिथे बायकांवर बंधनं जास्त, त्या समाजांत. घरच्या नात्यात जी बाई बोलत नाही, ती मैत्रिणीसमोर आपला आकडा मोठ्याने बोलते, असं मला त्यावरून वाटतं.

मागच्या लक्ष्मीपूजनाला मामांच्या मुलीने नवी वही आणली आणि खर्चाच्या बाजूला घरच्यांच्या पगाराचा रकाना आखला. मामा म्हणाले, घरात कसला पगार. तिने वाद घातला नाही, फक्त स्वयंपाक, डबे आणि गल्ला असे तासांचे तीन तक्ते लिहून ठेवले. मामी रोज रात्री त्यात तास भरतात. पैसे अजून सुरू झालेले नाहीत. भाच्याची नोंद करायची का, यावर घरात अजून बोलणं चाललंय. भिशी यंदा पुन्हा सुरू झाली आहे, यावेळी बारातल्या पाच जणी तिस्काबाहेरच्या: एक अंगणवाडीत, एक शिवणकाम करणारी, दोघी कारखान्यात, आणि एक फोंड्याच्या बाजारात फुलं विकणारी.